रेडिएटरात मूठभर हळद

ओमानातल्या खाबुऱ्यात कुणाच्याही गाडीतून वाफ निघाली की लोक एकच पत्ता सांगतात: सूकच्या, म्हणजे बाजाराच्या मागे, बाबामियाँ. गाडी मासेवाल्याची असो, शाळेची बस असो, नाहीतर खजुराच्या बागेत पाणी ओढणारं इंजिन असो. एकतीस वर्षं बाबामियाँ तिथे बसून रेडिएटर उघडतायत, धुतायत, भोकं झाळून बुजवतायत. म्हातारे ओमानी शेतकरी त्यांना हाक मारून सुलेमानी चहा पाजतात. आणि अशा माणसाच्या स्वतःच्याच पिकअपचा रेडिएटर गळायला लागावा, तोही बायको जन्मात पहिल्यांदा ओमान बघायला आलेली असताना? गुरुवारी संध्याकाळी काटा लालवर गेला आणि बॉनेटखालून फुस्स झालं तेव्हा खैरुन्निसा ओढणी तोंडाशी धरून हसली.

"हसू नको गो," बाबामियाँ म्हणाले. "उद्या जुम्म्यानंतर खाली काढतो. तासाभराचं काम हाय."

हसली खरी, पण तिला काळजीही लागली. दर शुक्रवारी संध्याकाळी मस्कतजवळच्या सीबला जायचं असतं. तिथे त्यांची मुलगी मुस्कान राहते, जावई उजैर कुरुमच्या एका ऑफिसात आहे, आणि तीन वर्षांची नात सादिया आहे, जी नानीशी अर्धं इंग्रजी आणि अर्धं मराठी बोलते आणि दोन्ही मध्येच सोडून देते. त्या पोरीला बघायला खैरुन्निसाचा जीव आठवडाभर टांगलेला असायचा. व्हिसा तीन महिन्यांचा, त्यातले शुक्रवार असे कितीसे असणार?

ही खैरुन्निसा श्रीवर्धनच्या पलीकडच्या एका बंदरगावची. लग्नाला अडीच महिने झाले आणि नवरा ओमानला आला. तेव्हापासून दर दोन वर्षांनी दोन महिने घरी. एकतीस वर्षांच्या संसारात दोघांनी एका छताखाली काढलेले दिवस मोजले तर तीन वर्षंही भरायची नाहीत. मुलगी तिने एकटीने वाढवली, सासूचं सगळं तिने केलं, घरावर स्लॅब पडला तेव्हा गवंड्यांशी तीच भांडली. दर सुट्टीच्या शेवटी बॅग बांधताना बाबामियाँ म्हणायचे, "आता शेवटची दोन वर्षं. मग कायमचा येतो." ती मान हलवायची. पहिली काही वर्षं तिला ते खरंही वाटायचं.

या खेपेला उजैरने व्हिसा काढला आणि ती आली. अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या बागेमागच्या दोन खोल्यांत तिने चूल मांडली, म्हणजे गॅसच, पण मांडली. नवऱ्याला रोज ताजं कालवण करून वाढायचं सुख तिला पंचावन्नाव्या वर्षी मिळत होतं, आणि ती ते अगदी चवीने भोगत होती. काही गोष्टी मात्र तिच्या नजरेत येत होत्या. बाबामियाँ चहा ओततात तेव्हा कपाच्या काठावर आतून बोट ठेवतात. माशाचे काटे जिभेने शोधतात. मागच्या शुक्रवारी सीबहून येताना पिकअप गोल चौकाच्या कट्ट्यावरच चढली, तेव्हा म्हणाले, "हल्ली रस्त्यावर दिवे लावतच नाहीत." दिवे लख्ख होते. तिने मनाशी म्हटलं, दमलेत बिचारे. दुकानातला जोडीदार शरीफ रजेवर मुरुडला गेल्यापासून सगळा भार एकट्यावर पडलाय, त्यात दोन गाड्या झाळून दिल्या आणि पुन्हा गळत परत आल्या म्हणून त्रासलेत. बाईमाणूस नवऱ्यासाठी कारणं शोधायला बसली की तिला ती मिळतातच.

शुक्रवारी सकाळी बाबामियाँ आंघोळीला गेले आणि खैरुन्निसाच्या डोक्यात एक नामी विचार आला. तिचा भाऊ रेहान म्हसळ्याच्या बाजूला टेम्पो चालवायचा. त्याचा रेडिएटर गळायला लागला की तो घरात येऊन डब्यातली मूठभर हळद न्यायचा आणि रेडिएटरात टाकायचा. हळद भोकात जाऊन बसते, गळती बंद. चार वर्षं त्याचा टेम्पो हळदीवर चालला. नवरा सुट्टीवर आला की हळद टाकणाऱ्या ड्रायव्हरांना शिव्या घालायचा, हे तिने ऐकलं होतं. पण सासरचं शास्त्र एकीकडे आणि माहेरचं एकीकडे असं झालं तर बाई कुठलं धरते ते सांगायला नको.

तिने गावाहून आणलेली घरची हळद काढली. एक मूठ घेतली. मग गाडी मोठी आहे म्हणून आणखी एक. इंजिन गार होतं, झाकण फिरवून तिने सगळी आत लोटली, वरून तांब्याभर पाणी ओतलं, हात धुतले आणि काहीच न झाल्यासारखी घावनाचं पीठ ढवळायला बसली. गळती थांबेल, नवऱ्याचे कष्ट वाचतील, संध्याकाळी सीब. तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

कसलं काय. मशिदीतून परत येईतो पिकअप दुप्पट तापली होती. फाटकात शिरताना बॉनेटच्या दोन्ही बाजूंनी वाफ येत होती. बाबामियाँ उतरले, शिंकले, कारण चार दिवस त्यांना जबर सर्दी होती, आणि सुरमईचं कालवण भात खाऊन अर्धा तास पडले. दोनच्या सुमारास लुंगी वर खोचून कामाला बसले.

आता खैरुन्निसाची पाचावर धारण बसली. झाकण उघडलं की हळद दिसणार. एकतीस वर्षं रेडिएटरात काढलेल्या माणसाच्या रेडिएटरात त्याच्याच बायकोने हळद टाकलीय, हे कळल्यावर तो काय काय बोलेल याची तिने मनात यादी केली. दुकान, खाबुरा, रेहान, रेहानचा टेम्पो, सगळं निघणार होतं. ती बाजूला वाटीतले तांदूळ निवडण्याचं सोंग घेऊन बसली.

बाबामियाँनी खालचा नट ढिला केला. पाणी धो धो अंगणातल्या पांढऱ्या सिमेंटवर पडलं. पिवळंधमक. लग्नघरात नवरीला हळद लावून झाल्यावर मोरीतून वाहतं तसं. ते पसरत पसरत तिच्या चपलांपर्यंत आलं. तिने पाय उचलले आणि डोळे मिटून बोलणी खायची तयारी केली.

"जरा गढूळ हाय," बाबामियाँ म्हणाले. "नळ्यांत गाळ साचला वाटतं. इथलं विहिरीचं पाणीच खारट."

तिने डोळे उघडले. ते त्या पाण्याकडे बघत होते. सरळ पाण्याकडेच बघत होते. मग त्यांनी हात पुसले आणि पाना घेऊन रेडिएटर सोडवायला लागले.

आधी तिला वाटलं, वाचले. मग वाटलं, माहीत असून बोलत नाहीत, उगाच मजा बघतायत. पण बाबामियाँ राग गिळणाऱ्यातले नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रेडिएटर खाली आला, त्यांनी तो गुडघ्यांवर आडवा घेतला आणि डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून जाळी तपासू लागले. जाळीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, तिसऱ्या नळीवर, हळदीचा डाग वाळून बसला होता. गरम पाणी तिथूनच बाहेर आलं होतं आणि हळद मागे ठेवून गेलं होतं. चांगला मोठा डाग. बसल्या जागेवरून तिला तो स्पष्ट दिसत होता.

बाबामियाँची नजर त्याच्यावरून गेली. परत आली. परत गेली.

तेव्हा खैरुन्निसाला सगळं कळलं. कपातलं बोट, चौकाचा कट्टा, परत आलेल्या दोन गाड्या. दुकानात भोक शोधायचं काम शरीफ करत असणार, आणि शरीफ गेल्यावर गाड्या गळत परत येणारच. तिच्या हातातले तांदूळ तसेच राहिले.

बाबामियाँनी प्लास्टिकचा मोठा टब भरला. रेडिएटरची तोंडं रबराच्या बुचांनी बंद केली, एका बुचातून सायकलचा पंप जोडला आणि रेडिएटर पाण्यात बुडवला. हवा भरली की जिथे भोक असेल तिथून बुडबुडे येतात. ते दिसले की त्या जागेवर बोट दाबून धरायचं आणि बोट न उचलता रेडिएटर बाहेर काढायचा, ही त्यांची रीत. उस्तादने पहिल्या आठवड्यात शिकवलेली. सुट्टीत ते नळाखाली गळकी घागर धरून नात्यातल्या पोरांना हे करून दाखवायचे.

त्यांनी पंप मारला. डाव्या कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. बाबामियाँचं नाक पाण्याला टेकायचं बाकी होतं.

"येईल," ते म्हणाले. "येईल, येईल."

त्यांनी रेडिएटर फिरवला. पुन्हा पंप. बुडबुडे त्यांच्या मनगटाजवळून वर गेले. मग त्यांनी टब सावलीतून उन्हात ओढला, उन्हातून सावलीत आणला.

"उजेड कमी हाय," ते म्हणाले.

फेब्रुवारी महिना, दुपारचे अडीच, आणि उजेड कमी आहे म्हणे. भोकाची जागा खैरुन्निसाच्या ओठांवर आली होती. पण ती बोलली नाही. का बोलली नाही ते सांगायला हवं, कारण यात तिचा साधेपणा नव्हता. तिच्या मनात हिशेब चालू झाला होता. भोक सापडलं नाही तर काय होईल? हा माणूस आज इथे, या अंगणात, स्वतःशी कबूल करेल की आता आपल्याने होत नाही. मग दुकान सुटेल. मग तो घरी येईल. एकतीस वर्षं तिने नमाजमध्ये जे मागितलं ते समोर टबात पडलं होतं, आणि तिला फक्त गप्प बसायचं होतं. आणि ती बोलली तर? तर तो झाळ देईल, मिशीवर हात फिरवेल, गाडीत बसेल आणि म्हणेल, अजून दोन वर्षं.

ती गप्प बसली. पंपाचा आवाज ऐकत राहिली.

पाऊण तास गेला. फोन वाजला, मुस्कानचा. "आई, निघालात का? सादिया दारात बसलीय." मागून पोरीचा आवाज आला, "नानी, तू कधी कम होणार?" खैरुन्निसाने सांगितलं, निघतो, बाबांचं जरा काम चाललंय.

फोन ठेवून ती वळली तेव्हा बाबामियाँनी पंप खाली ठेवला होता. ते उकिडवे बसून दोन्ही हात लुंगीला पुसत होते. कोरडे झाले तरी पुसतच होते.

"ह्यात काय राम नाय उरला," ते म्हणाले. "जुना झाला. भंगारात टाकूया." आणि तिच्याकडे न बघता, "पितळेचा होता गो. असे आता येत नाहीत. आता सगळे ॲल्युमिनियमचे, वर प्लास्टिक. गळला की फेकायचा."

तो हात पुसणारा माणूस तिला बघवेना. तिला नवरा घरी हवा होता, हे खरं. पण असा नको होता. एवढ्याशा भोकाने हरवलेला, स्वतःच्या अंगणात खोटं बोलणारा. असा तो घरी आला असता तर ओटीवर बसून नुसता हात पुसत राहिला असता, आणि ती त्याच्याकडे बघून रोज आठवत राहिली असती की तिला दिसत होतं. तिने तांदळाची वाटी बाजूला ठेवली, येऊन शेजारी बसली आणि त्यांचा उजवा हात धरला.

"काय गो?"

तिने त्यांचं पहिलं बोट घेतलं, पाण्यात घातलं आणि तिसऱ्या नळीवर नेऊन टेकवलं. दुसऱ्या हाताने पंप मारला. बुडबुडे त्यांच्या बोटाच्या पेरावर फुटले.

बाबामियाँ हलले नाहीत. मग त्यांनी बोट घट्ट दाबलं आणि बोट न उचलता रेडिएटर बाहेर काढला.

त्यापुढचं काम बघण्यासारखं होतं. भोकाची जागा एकदा बोटाला कळल्यावर त्या हातांना डोळ्यांची गरजच लागली नाही. जाळीच्या पातळ पट्ट्या त्यांनी नखाने अलगद बाजूला केल्या. तारेच्या ब्रशने नळी घासली, अंगठा फिरवून बघितली, पुन्हा घासली. तेजाबाचा थेंब दिला. गॅसची शेगडी पेटवून लोखंड तापवलं, ते गालाजवळ नेऊन आच पारखली, आणि झाळ अशी धरली की ती नळीवरून वितळत सरळ भोकात गेली आणि बसली. खैरुन्निसाने हा माणूस लुंगीत, झोपलेला, जेवताना, बॅग बांधताना बघितला होता. त्याला काम करताना ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. तिला फार अभिमान वाटला, आणि त्याच वेळी रडूही आलं.

लोखंड नळीला लागताच चर्र झालं आणि धूर उठला. तेजाबाच्या वासाने बाबामियाँचं चोंदलेलं नाक मोकळं झालं. त्यांनी एकदा हुंगलं. मग पुन्हा हुंगलं. फोडणीत जळते तसा वास होता.

"हळद?"

"हो," ती म्हणाली.

"कधी टाकलीस?"

"सकाळी. तुम्ही आंघोळीला होता तेव्हा."

ते झाळीवर फुंकर घालत राहिले. लोखंड बाजूला ठेवलं. मग विचारलं, "किती?"

"दोन मुठी."

"म्हणजे मघाशी जे पाणी आलं ते."

"पिवळंच होतं."

बाबामियाँनी मान खाली घातली. सिमेंटवरून हात फिरवला, बोटं नाकाशी नेली. अंगण वाळलं होतं आणि फाटकापर्यंत पिवळंच दिसत होतं, म्हणजे तिला दिसत होतं. ती वाट बघत होती की आता ते ओरडतील. ओरडले असते तर तिला किती बरं वाटलं असतं.

"आणि भोकावर डाग होता?"

"होता."

"तुला पहिल्यापासून दिसत होतं."

"हो."

"मग एवढा वेळ बोलली का नाहीस?"

तिने तेजाबाच्या बाटलीचं झाकण लावून टाकलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. एकतीस वर्षांत एकमेकांना पत्रं लिहून आणि फोन करून करून ही दोघं एक गोष्ट शिकली होती, की पलीकडून आवाज आला नाही तरी माणूस तिथे असतं.

मग बाबामियाँ उठले, नळाची नळी खालच्या तोंडाला लावली आणि उलटं पाणी सोडलं, अडकलेली हळद काढायला. वरच्या तोंडातून पाणी उसळलं.

"पिवळं येतंय?" त्यांनी विचारलं.

"येतंय."

त्यांनी रेडिएटर हलवला, थोपटला. "आता?"

"थोडं थोडं."

"आता?"

"आता स्वच्छ आलं."

मग रेडिएटर पुन्हा टबात गेला. या खेपेला बाबामियाँनी पाण्याकडे बघितलंच नाही. पंप मारत ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. "नीट बघ," ते म्हणाले. ती नीट बघत होती. एकही बुडबुडा नव्हता. तिने तसं सांगितलं आणि ते म्हणाले, "खलास." आपल्या कामातलं काहीही त्यांनी याआधी तिला कधी विचारलं नव्हतं.

रेडिएटर जागेवर बसला, पाणी भरलं, इंजिन सुरू झालं. बाबामियाँ चालवायच्या जागी बसले होते, ती खिडकीशी उभी होती. दहा मिनिटं इंजिन चाललं. काटा मधोमध येऊन थांबला आणि तिथेच राहिला. खाली थेंब नाही. चार वाजून गेले होते, आता निघाले असते तर अंधार पडायच्या आत सीब. तिने कपड्यांची पिशवी आणली आणि काय होणार ते तिला माहीत होतं. ते म्हणतील, बस. तिला बसावं लागेल. त्या चौकातून पुन्हा जावं लागेल.

बाबामियाँनी इंजिन बंद केलं. किल्ली काढली. खिशातून फोन काढून तिच्या हातात दिला.

"उजैरला लाव."

तिने लावला आणि परत दिला. फोन स्पीकरवरच राहिला.

"हां बाबा, निघालात?" उजैरने विचारलं.

"तू ये न्यायला."

"का? पिकअप अजून नीट झाली नाही?"

"झाली. गाडीला काय झालेलं नाय." बाबामियाँनी किल्ली तळहातावर दोनदा फिरवली. "मला दिसत नाय, उजैर. बरेच दिवस झाले. शरीफ होता म्हणून चालत होतं. उद्या मी अर्बाबशी बोलतो, मुस्कानच्या आईबरोबर माझंपण तिकीट काढ. डोळ्यांचं जे काय असेल ते गावाकडे बघू, आणि मग मी काय परत येत नाय."

पलीकडे उजैर खुर्ची सरकवून उठला. मग म्हणाला, "आत्ता निघतो. दीड तासात पोचतो. तुम्ही कुठे जाऊ नका, बाबा."

"कुठे जाणार," बाबामियाँ म्हणाले.

फोन बंद झाला. त्यांनी किल्ली खैरुन्निसाच्या हातावर ठेवली. तिने ती ओढणीच्या टोकाला बांधून टाकली. एकतीस वर्षं ज्याची वाट बघितली ते असं एका फोनवर, तेही जावयाला सांगून झालं होतं. तिला हसावं की रडावं कळेना.

बाबामियाँ गाडीतून उतरले. अंगणातल्या कट्ट्यावर बसले. नाक शिंकरलं. आणि मग हळूहळू त्यांचा आवाज चढायला लागला.

"हळद," ते म्हणाले. "रेडिएटरात हळद. एकतीस वर्षं मी लोकांना सांगतोय, हळद टाकू नका, नळ्या बंद होतात, इंजिन जळतं. बलुचींना सांगितलं, केरळवाल्यांना सांगितलं, पंजाब्यांना सांगितलं. आणि माझी बायको विमानात बसून, डबा भरून, घरची हळद घेऊन येते आणि माझ्याच गाडीत टाकते. कुणी शिकवलं तुला? रेहानने ना? रेहानचा टेम्पो कसा मेला ठाऊक हाय तुला?"

"चार वर्षं चालला," खैरुन्निसा म्हणाली.

"चालला? ढकलत होते गो त्याला. अख्खं म्हसळं ढकलत होतं."

उजैर यायला दीड तास होता. तेवढा वेळ ते बोलत होते, आणि ती पिवळ्या अंगणात त्यांच्या शेजारी बसून सगळं मुकाट्याने ऐकून घेत होती.